सेनिकाऊचा आकडा

सोमवार, ४ मे

आज कार्यालयात ग्रेगने फळ्यावर धूर मोजायच्या बोटींची वाटणी लिहिली आणि माझ्या नावापुढे ‘सेनिकाऊ’. मी म्हटलं, सेनिकाऊचा कप्तान केलेपी माझा सख्खा भाऊ आहे, मला दुसरी कुठलीही बोट द्या. ग्रेग आमचा नवा साहेब, परदेशातून, होबार्टहून, नुकताच आलाय, माणूस चांगला आहे. म्हणाला, तेल मोजणाऱ्या मीटरला कुठे कळतं कोण कुणाचा भाऊ? दुसरा मोजणारा रजनील, त्याच्या बायकोचे दिवस भरलेत, तो काही सुवा सोडून हलणार नाही. म्हणजे ही बोट माझ्याच गळ्यात.

वर म्हणतो, बरंच झालं की, भावाला फोन करून बोटीचा वेग, वाट, सगळं विचारून घे. आता आली का पंचाईत. मग बसून त्याला समजावलं की आमच्याकडे वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं, मान असतो. एका चटईवर बसायचं नाही, थट्टा करायची नाही, समोरासमोर शब्द नाही. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. सुवातली पोरं हल्ली सर्रास बोलतात, पण आम्ही लाउ बेटांवरची माणसं, आमच्या घरात अजून पाळतात. मी बाराची झाले आणि शाळेसाठी सुवाला आले, तेव्हापासून केलेपी माझ्याशी थेट एक शब्द बोललेला नाही.

ग्रेगने पेन खाली ठेवलं. मग विचारलं, तुला त्याची आठवण येत नाही? हा काय प्रश्न झाला. तो सुवातच राहतो, बंदराजवळ. महिन्यातून दोनदा आमच्या पडवीत बसून माझ्या नवऱ्याबरोबर यंगोनाच्या मुळ्यांचं पेय पितो. मी आत स्वयंपाकघरात असते.

बुधवार, ६ मे

निरोप्या म्हणजे आमचे सेकोवे. दिवसभर बस चालवायची आणि संध्याकाळी यंगोना कुटायची, एवढंच त्यांना येतं. त्यातून ते केलेपीचे तवाले, म्हणजे बहिणीचा नवरा. तवाल्यांनी एकमेकांची चेष्टा केली नाही तर लोक विचारतात, काय बिनसलंय? त्यामुळे यांच्या तोंडून सरळ निरोप जाणं म्हणजे कठीणच.

म्हणून आज त्यांना समोर बसवून वदवून घेतलं. ‘तू नेहमी बोट जशी नेतोस तशीच ने. माझ्यासाठी काही वेगळं करू नकोस.’ त्यांनी शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं आणि गेले बंदरावर.

जेवणाच्या वेळी परतले ते हसत. मी विचारलं, सांगितलंत? म्हणाले, शब्द न् शब्द. तो काय म्हणाला? म्हणे, आधी हसला, मग गप्प बसला. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

या आकड्यावर किती अवलंबून आहे ते केलेपीला माहीत आहे की नाही, अशी शंका येते. एक टन माल एक सागरी मैल न्यायला बोट हवेत किती ग्रॅम कार्बन सोडते, तो हा आकडा. त्यावरून ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी. नव्वदच्या वर गेली की ‘ई’, आणि ‘ई’ मिळालेल्या बोटीचं सरकारी अनुदान पुढच्या वर्षापासून बंद. अनुदानाशिवाय आमच्या वातुलोआला कुठला मालक बोट पाठवणार? पन्नास घरांचं बेट. केलेपीची कप्तानी जाईल ती वेगळीच. या वयात त्याला दुसरी बोट कोण देणार.

सेकोवेंना मात्र दुसरंच कोडं पडलंय. एक किलो डिझेल जाळलं की तीन किलोहून जास्त वायू कसा होतो? मी म्हटलं, जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, त्याचं वजन. म्हणाले, मग लबाडी हवेची आणि दंड बोटीला.

मंगळवार, १२ मे, बोटीवर

चमत्कार झाला. मी ओकले नाही.

हे लिहून ठेवायलाच हवं. लाउच्या पोरीला बोट लागते ही आमच्या घराण्याची जुनी लाज. आजोबा होड्या बांधायचे, वडील खलाशी, आणि मी धक्का सुटायच्या आत बादली शोधणारी. काल निघतानाच बादली उशाशी घेतली होती. पण सबंध रात्र झोपले, सकाळी उठून कसावा आणि मासळी खाल्ली. समुद्र इतका शांत की चहा कपातून सांडला नाही. ऐन वाऱ्याच्या दिवसांत. चाळिशी उलटली की पोटालाही अक्कल येत असावी.

मीटर बसवलं, इंधनाच्या नळीवर, अगदी नीट. दर तासाला जाऊन बघते. तेल जरा जास्त जातंय असं वाटतं, पण जुनं इंजिन आहे. अंतर मोजायचं नसतं, ते तक्त्यात ठरलेलं आहे. सुवा ते वातुलोआ, सगळ्या बोटींना एकच. नाहीतर प्रत्येक कप्तान उगाच फिरून मैल वाढवेल.

मला मधली खोली मिळालीय, इंजिनाच्या वासापासून लांब. आचारी योआने म्हणाला ती रिकामीच असते. उशीला आमच्या घरातल्यासारखा खोबरेलाचा वास येतो. योआने माणूस देवासारखा, न मागता आलं सोलून आणून देतो, चहा लिंबाच्या पानांचा, दुधाचा नाही. त्याला कसं कळलं की मला दूध चालत नाही?

केलेपी वर चाकापाशी. काल संध्याकाळपासून खाली आलेला नाही, तिथेच बसून जेवला म्हणे. बहीण बोटीवर आहे याची त्याला गंधवार्ता तरी आहे की नाही, देव जाणे. बोलायचं नाही हे खरं, पण दुरून खाकरता तर येतं.

गुरुवार, १४ मे, वातुलोआ

काल दुपारी पोचलो. धक्क्यावर चिटपाखरू नाही. बऱ्याच वेळाने आई आणि बाकीच्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन धापा टाकत आल्या. आई जाम चिडलेली. त्या सगळ्या सकाळपासून दक्षिणेच्या किनाऱ्यावर, खडकांच्या रांगेतल्या खिंडीपाशी बसलेल्या, बोट तिकडून येते म्हणून, आणि आम्ही आलो उत्तरेकडून. मला म्हणाली, “तुझ्या भावाला काय झालंय? म्हाताऱ्या बायकांना बेटभर पळवतो.” मी म्हटलं, अगं तुमचीच काहीतरी गल्लत झाली असेल. आईचं वय झालंय.

तिने स्वयंपाकघर पुन्हा मागे हलवलंय. भरतीचं पाणी चुलीपर्यंत येतं. मी म्हटलं, म्हणूनच तर आम्ही ही मोजमापं करतोय. आई म्हणाली, मोजून पाणी मागे जातं का?

रात्री अळूची पानं नारळाच्या दुधात. पोट भरून रडू आलं. केलेपी दाराबाहेर जेवला, मी आत. आई मधे उंबऱ्यावर बसून दोघांना वाढत होती आणि दोघांवर करवादत होती. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सोमवार, १८ मे, सुवा

सत्त्याण्णव.

हिशोबात चूक असेल म्हणून पुन्हा केला. तेलाचं वजन, मालाचं वजन, तक्त्यातलं अंतर. सत्त्याण्णवच.

मंगळवार, १९ मे

आज ग्रेगला दाखवलं नाही. डोकं दुखतंय सांगून घरी आले. खरंच दुखतंय.

बुधवार, २० मे

सेकोवेंना काल आकडा सांगितला, तर हा माणूस एकही विनोद करेना. आज सकाळी बसवर जायच्या आधी दारात उभे राहून म्हणाले, “उला, एक सांगू? चिडशील.”

सांगितलं. त्या दिवशी बंदरावर माझा निरोप त्यांनी शब्द न् शब्द दिला, खरंच दिला. पण तवाल्याला नुसता कोरडा निरोप कसा द्यायचा म्हणून पुढे आपली शेपूट जोडली. ‘आणि बोट जरा सांभाळून हाक रे, नाहीतर तुझी बहीण तुझ्या डेकवर आतडी ओकून ठेवेल, घासायला मी येणार नाही.’

तेवढं ऐकून केलेपी हसला. मग गप्प बसला. आणि मग विचारलं म्हणे, तिला अजून बोट लागते?

सगळं एकदम कळलं. समुद्र शांत नव्हताच. त्याने बोट उत्तरेकडच्या बेटांच्या आडोशाने नेली, वाऱ्याला चुकवत, लाटा आडव्या न घेता, लांबच्या लांब वळसा घालून. आई बिचारी बरोबर खिंडीवर बसली होती आणि मी तिलाच म्हातारी ठरवलं. येतानाही तेच केलं असणार. तो जास्तीचा सगळा धूर माझ्या पोटापायी. आणि मी खुळी चाळिशीच्या अकलेच्या गोष्टी लिहीत बसले होते.

सेकोवेंवर इतकी ओरडले की शेजारीण बघायला आली. ते बस घेऊन उशिरा निघाले. मग मी एकटी बसून रडले. रागाने नाही. तीस वर्षांत एक शब्द नाही, आणि हा माणूस माझ्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून आपली बोट घालवून बसला.

गुरुवार, २१ मे

नियमात लिहिलंय, मोजणीची फेरी नेहमीसारखी नसेल तर एकदा पुन्हा मोजता येते, पण कारण लेखी द्यावं लागतं. ग्रेगपुढे बसले. म्हटलं, कारण असं की मोजणाऱ्या बाईला उलट्या होऊ नयेत म्हणून कप्तानाने वाट बदलली. ग्रेग हसायला लागला. माझं तोंड बघून थांबला. मग म्हणाला, “लिही. असंच लिही.” लिहिलं. सगळं कार्यालय वाचेल आता. वाचू दे.

रजनीलला मुलगी झाली, तो महिनाभर रजेवर. ग्रेग स्वतः रोतुमाच्या बोटीवर निघालाय. म्हणजे पुन्हा मीच. महिनाअखेरीच्या आत.

शनिवार, २३ मे

पुन्हा निरोप. ‘सरळ वाटेने ने.’ एवढाच, शेपूट नाही. सेकोवे कुरकुरले, तवाल्याशी विनोद न करता बोललो तर त्याला वाटेल घरात कुणी गेलं. मी म्हटलं, वाटू दे.

उत्तर आलं, बोट जशी जाते तशी जाईल. म्हणजे काय? सेकोवेंनी शपथेवर सांगितलं, एवढंच म्हणाला. मालकाने त्याला आकडा कळवलाय. त्याने कुणालाही वळशाचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक बहिणीला हसतील ना.

गुरुवार, २८ मे, वातुलोआ

काल पोचल्यावर लिहवलं नाही, आज लिहिते.

मंगळवारी पहाटे निघालो. वारा जोराचा. खडकांच्या रांगेबाहेर पडलो आणि बोट दोन-तीनदा आडवी हलली, मी बादली घेतली. आणि मग एकदम हलायची थांबली. बाहेर येऊन बघितलं तर समोर असायला हवा तो सूर्य उजव्या हाताला गेलेला. बोट उत्तरेला वळलेली. पुन्हा तेच.

खाली मीटर फिरत होतं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मनात आलं, जाऊ दे, झोपावं. खरंच आलं. मग आईच्या चुलीपर्यंत आलेलं पाणी आठवलं, आणि बोटीने येणारे तिचे रॉकेलचे डबे, आणि बोट नसलेला धक्का.

जिना चढून वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. चाकावर सेमी होता, तरणा खलाशी, त्याच्या मागे केलेपी. मी दारातून आत शिरले तशी केलेपीने पाठ फिरवली, आणि सेमी बिचारा मला बघून इतका घाबरला की त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता. तिसरं माणूस म्हणावं असं तिथे कुणीच नव्हतं. मी पुढच्या मोठ्या काचेपाशी जाऊन उभी राहिले, समुद्राकडे तोंड करून. त्याची पाठ माझ्याकडे, माझी त्याच्याकडे.

मी म्हटलं, “काचे, तुला सांगते. ओकल्याने कुणी मरत नाही. ही बोट गेली तर आईला कोण येऊन भेटणार? मला ओकू दे. सरळ ने.”

मला वाटलं तो निघून गेला. मग मागून आवाज आला. जाड, वडिलांसारखा. मला माहीतच नव्हतं त्याचा आवाज असा झालाय. पडवीतून ऐकलेला वेगळा आणि हा वेगळा.

“काचे, तिला सांग. ती पहिल्यांदा शाळेला निघाली तेव्हा मी त्याच बोटीवर होतो. ती दोन दिवस ओकत होती. मी पाणी घेऊन उठलो तर आईने हात धरून बसवलं. म्हणाली, आता ती तुझी बहीण आहे, तिच्याकडे जायचं नाही. मी पंधराचा होतो. तांब्या हातात तसाच धरून बसलो.”

मला तर वाटायचं तो त्या दिवशी पुढे बोटीच्या टोकावर पोरांबरोबर खिदळत होता. मी कितीतरी वर्षं त्याच्यावर रुसून होते, आणि त्याला कळणार तरी कसं, सांगणार कोण.

काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली. मी म्हटलं, “काचे, त्याला सांग, मला कळलं. आता सरळ ने.”

मग तो म्हणाला, “सेमी, उजवीकडे घे. खिंडीची वाट धर.”

सेमीने चाक फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गाढव कुठचं. मी जिना उतरेपर्यंत पहिली लाट आडवी आदळली आणि माझं सुरू झालं.

त्यापुढचं काय लिहायचं. इतकी तर शाळेला जातानाही ओकले नव्हते. खोलीत गुदमरायला लागलं म्हणून मागच्या डेकवर चटई टाकून पडले. मीटरचे आकडे योआने येऊन वाचून दाखवायचा, मी पडल्या पडल्या लिहायची. काही ओळी माझ्याच मला लागत नाहीत, त्या त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतल्या. काल संध्याकाळी वातुलोआला लागलो तेव्हा आई दक्षिणेच्या खिंडीवर बसलेली होती. मला हाताला धरून नेलं. माझा चेहरा बघून म्हणाली, “आता कशी बोट बरोबर आली.”

जाण्याची फेरी निभावली. अजून येण्याची आहे, शनिवारी सकाळी निघायचंय. दोन्ही मिळून आकडा धरतात. आई म्हणते, दोन दिवस फक्त पेज पी.

बुधवार, ३ जून, सुवा

रविवारी पोचलो. दोन दिवस अंथरुणात होते. आज कार्यालयात जाऊन हिशोब केला, ग्रेगने पुन्हा केला, मग दोघांनी मिळून केला. सत्त्याऐंशी. श्रेणी ‘डी’. ग्रेग म्हणाला, नाचण्यासारखी श्रेणी नाही ही. मी म्हटलं, तू नाचू नकोस, मी नाचते. अनुदान राहिलं. बोट राहिली. पुढच्या वर्षी निकष आणखी कडक होणार, तेव्हा काय करायचं ते केलेपीला आणि मालकाला आत्तापासून बघावं लागेल. खालचा पत्रा घासून घ्यायला हवा, धक्क्याला उभं असताना इंजिन बंद ठेवायला हवं. सेकोवेंच्या हाती यादी पाठवायची आहे. शेपूट न जोडता.

सेकोवे संध्याकाळी केलेपीकडे गेले ते आम्हा दोघांची चेष्टा ऐकत आले असणार, कारण घरात शिरताच मला ‘काचेशी बोलणारी बाई’ म्हणाले. सेमीने बंदरभर केलं वाटतं. म्हणू दे.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही, सेकोवेंनाही नाही. येतानाच्या फेरीत मी पुन्हा त्याच मागच्या डेकवर पडून होते. वारा आणखी वाढला होता, डोकं वर काढवत नव्हतं. सारखी ओकत होते, आणि प्रत्येक वेळी हात पुढे केला की चटईच्या कडेला पाण्याचा भरलेला पेला असायचा. सुवाचे डोंगर दिसेपर्यंत एकदाही रिकामा सापडला नाही. पाण्यात लिंबाचं पान चुरडलेलं असायचं. योआनेला विचारलं, तर तो म्हणाला मी नाही, मी तर चुलीपाशी.

एकदा पावलं आली, जड, सावकाश, चटईपासून हातभर लांब थांबली. पेला ठेवल्याचा आवाज झाला. ती लगेच गेली नाहीत. माझ्या कपाळावरचे केस ओले होऊन डोळ्यांवर आले होते, ते बाजूला करावे असं मला फार वाटत होतं.

पण केले नाहीत. मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले. उघडले असते, तर त्याला जावं लागलं असतं.